अठ्ठावीसची सायकल, सव्वीसची चाकं

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, आणि तेव्हा तर मुळीच नव्हतं. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा." जेवतानासुद्धा माझा एक पाय हलत असायचा आणि आई उलथनं दाखवून तो थांबवायची. एखादी वस्तू बिघडलेली दिसली की ती आत्ताच्या आत्ता नीट झाली पाहिजे, नाहीतर मला घास गोड लागायचा नाही. इस्त्रीची वायर, शेजारच्या काकूंचा स्टोव्ह, गळका नळ, सगळ्यात माझा हात. घातलेला हात नीट बाहेर निघेलच याची खात्री नसायची, ते सोडा. काकूंच्या स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा त्यांच्या भिवया थोडक्यात वाचल्या आणि त्यानंतर दोन महिने त्यांनी आमच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरच्या पश्चिमेला, डोंगरावरच्या एका चाळीत आम्ही तिघं राहायचो. आई, बाबा आणि एकवीस वर्षांची मी. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्नाआधीपासून एकच कारखाना आणि एकच सायकल. अठ्ठावीस इंची चाकांची, काळी, उंच, घोड्यासारखी ताठ. तिला वायरचे ब्रेक नव्हते, सळ्यांचे होते. मुठीखालची पट्टी दाबली की लोखंडी सळ्या वर ओढल्या जायच्या आणि चाकाच्या रिमला आतल्या अंगाने रबर लागायचं. त्या सळ्यांना बाबा दर रविवारी तेल द्यायचे आणि मी तिथे लुडबुडायचे. मुलगा नव्हता म्हणून असेल, किंवा मी जाता जात नव्हते म्हणून असेल, पाना कसा धरायचा ते त्यांनी मला शिकवलं. "जोर नाय लावायचा गो. आधी बघायचा, मग हात लावायचा," हे त्यांचं पालुपद. बाबा घरात अर्धी मालवणी आणि अर्धी मुंबईची अशी खिचडीच बोलायचे. बघायचं आधी आणि हात लावायचा मग, हे मला तेव्हाही कळायचं, पण वळायचं नाही.

ती सायकल मी चालवायचे, म्हणजे बाबांच्या परवानगीने आणि आईच्या शिव्या खात. अठ्ठावीसचं चाक सुरुवातीला जाम हलत नाही. पहिली दोन पायडलं मारताना वाटतं, पोतं ओढतोय. एकदा ते फिरायला लागलं की मग मात्र त्याला कोणाची पर्वा नसते. आमच्या रस्त्यावर जेवढे खड्डे होते तेवढा रस्ता नव्हता, पण मोठं चाक खड्ड्याच्या या काठावरून त्या काठावर सरळ निघून जायचं. बुडाला एक ठोसा बसायचा, बस्स. हॅंडल हलवलं तरी सायकल जरा विचार करून वळायची. बाबांचा स्वभाव तसाच होता. उठायला वेळ लागायचा, पण एकदा निघाले की मध्ये थांबणं नाही.

आणि म्हणूनच ते थांबायला लागले तेव्हा मला कळलं.

आमच्या चढाला मध्यावर एक वळण होतं. तिथे सार्वजनिक नळ, नळाशेजारी सायकल दुरुस्तीवाल्याचं खोपटं आणि समोर पाण्याच्या रांगेत उभी असलेली सगळ्या डोंगराची पंचायत. कोणाच्या घरी काय शिजलं ते तिथे आधी कळायचं. या चढावर न उतरता सायकल वर नेणारे दोन-चारच होते आणि त्यात बाबा सगळ्यांत जुने. "तुझ्या बापाच्या पायात इंजिन हाय," असं तो सायकलवाला मला नेहमी म्हणायचा. एका संध्याकाळी मी कामावरून लवकर सुटले आणि त्यांच्या मागेच चढ चढत होते. त्यांना मी दिसले नव्हते. वळणाच्या अलीकडे ते उतरले, वाकले, चेनला हात लावल्यासारखं केलं, कपाळ पुसलं आणि उरलेला चढ सायकल ढकलत निघाले.

नळावरून कोणीतरी विचारलं, "काय ओ, चेन पडली काय?"

"होय. ढिली झालीय मेली," बाबा म्हणाले.

झालं! चेन ढिली आहे म्हटल्यावर मी कशी गप्प बसणार? घरी आल्या आल्या मी सायकल उलटी केली. चेन चांगली ताठ होती. पडायचं काही कारणच नव्हतं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. पडलेली चेन बसवली की बोटं काळी होतात, साबणाने दोनदा धुतली तरी नखांत काळं राहतं. बाबांची बोटं स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वळणावर उभी राहिले, काकूंची बादली भरायचं निमित्त करून. तिसऱ्या दिवशीही उभी राहिले. रोज तीच जागा, तेच वाकणं आणि तीच मेली चेन. वाकताना ते उजवा पाय ताठ ठेवायचे. घरी पाटावर बसतानाही तो पाय आता आधी पसरला जात होता, हे माझ्या इतके दिवस लक्षात कसं आलं नव्हतं कोण जाणे.

खरं सांगते, मला दया नाही आली. राग आला. गुडघा दुखतोय तर दुखतोय म्हणा ना! पण बाबा म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि का म्हणणार नाहीत तेही. चाळीतले दोघं त्याच कारखान्यात होते. गुडघा गेला हे कारखान्यात पोचलं की यंत्रावरून उचलून त्यांना गेटवर स्टुलावर बसवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. त्यांच्या एका जोडीदाराचं तसं झालं होतं. तो घरी येऊन बाबांसमोर रडला होता, "हात शाबूत आहेत रे माझे, यांना माझे पाय कशाला पाहिजेत?" असं म्हणत. बाबांना निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी दोन वर्षं त्यांना यंत्रापाशी उभं राहून काढायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा मामला होता. ती मूठ रोज संध्याकाळी नळावरच्या वीस जणांसमोरून न्यायची होती.

मला त्या दिवसांत काही सुचायचं नाही. मी अंधेरीला एका लहान कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने गिरवायचा, हे काम. शाईच्या कामाला हात स्थिर लागतो आणि माझं डोकं त्या वळणावर. दोनदा डाग पडला, दोनदा शीट फुकट गेली. साहेब म्हणाले, "लक्ष कुठे आहे?" मी म्हटलं, "इथेच आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि नेमका तेव्हाच साहेबांचा भाचा ती सायकल घेऊन आला. परदेशातून कोणीतरी आणलेली. तसली सायकल मी जन्मात पाहिली नव्हती. चाकं लहान, सव्वीस इंची, पण टायर जाडजूड, बोटभर खोल नक्षीचे. हॅंडल सरळ काठीसारखं. डोंगरात चालवायची सायकल आहे म्हणाला. मी मनात म्हटलं, डोंगरात तर आम्ही राहतो! जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे मागितली. तो जरा बिचकला, मी साडीत होते. मी पदर खोचला आणि बसले.

काय सांगू! पाय ठेवला मात्र, सायकल निघालीसुद्धा. पोतं नाही, ओढणं नाही. लहान चाक चटकन उठतं, लहान मुलासारखं, हाक मारायच्या आधी दारात. नुसत्या खांद्याच्या कलाने ती वळायची, इतकी की मी पहिल्यांदा कंपाऊंडच्या भिंतीवर जाता जाता वाचले. गोदामाला माल चढवायचा एक उतार होता, चांगला उभा. त्यावर हातगाडी दोघं ढकलायचे. मी ती सायकल घेऊन त्यावर चढले, बसूनच, सीटवरून न उठता. वर पोचले तेव्हा मला दमसुद्धा लागला नव्हता. वॉचमन म्हणाला, "झकास!"

पण उतरताना खालच्या गटाराच्या जाळीत पुढचं चाक असं दणकन गेलं की माझे दात वाजले. बाबांची सायकल त्या जाळीवरून नुसती ठक करून गेली असती. लहान चाक प्रत्येक खड्ड्यात वाकून बघतं, ते मला तिथेच कळलं होतं. पण माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं. त्या दुपारी मी शाईचा कागद बाजूला सारला आणि रद्दी कागदावर दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान. पायडलच्या एका फेऱ्यात लहान चाक कमी अंतर जातं, म्हणजे चढावर गुडघ्यावर भार कमी. हिशेब बरोबर होता, फक्त फरक अगदी थोडा पडत होता. तो थोडा आहे हे मला कागदावर दिसत होतं, पण पायात त्या उताराचा हलकेपणा होता आणि मी पायाचं ऐकलं. त्या सायकलला मागे एकावर एक चकत्या होत्या, गियर म्हणतात ते, आणि चेन तेव्हा सगळ्यांत मोठ्या चकतीवर होती. मी तिकडे बघितलंच नाही. मी चाकांकडेच बघत राहिले, मूर्खासारखी.

दोन आठवडे मला चैन नव्हतं. शेवटी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे सव्वीसची जाड टायरची एक जोडी मिळाली, कुठल्यातरी मोडक्या देशी सायकलची. चाकं बसमध्ये चढवली तर कंडक्टर म्हणाला, "ताई, सायकल कुठाय याची?" मी म्हटलं, "घरी वाट बघतेय." लोक हसले. ती चाकं मी आमच्या पाण्याच्या पिंपामागे गोणपाटात लपवली आणि दिवस मोजायला लागले, कारण सायकल दिवसभर कारखान्यात आणि संध्याकाळी बाबांच्या नजरेसमोर. ती माझ्या हातात मिळायचा एकच दिवस होता, खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. कारखान्यात यंत्रांची पूजा असायची, ती आटोपून बाबा दुपारी घरी यायचे. त्या दिवशी ते बसने जायचे, कारण सायकल घरच्या पूजेला. आणि आमच्या घरचा नियम असा की एकदा पूजा मांडली की दसऱ्याला बाबा स्वतः उचलेपर्यंत हत्यार जागचं हलवायचं नाही. पाना, पकड, हातोडी, विळी, माझी शाईची पेनंसुद्धा. आईने सकाळीच बजावलं, "बारा वाजता मी पाट मांडणार. बारानंतर तुझ्या हातात पाना दिसला तर याद राख."

म्हणजे मला चार तास होते. सायकल गॅलरीत हॅंडल आणि सीटवर उलटी उभी केली, चाकं वर. मोठी चाकं काढली. लहान चाकं बसवताना मागचा, चाक धरून ठेवणारा चिमटा थोडा फाकवावा लागला, जोर लावून. चेन जरा ढिली राहिली, म्हटलं, करू नंतर. मग ब्रेक. चाक लहान झालं तसं रिम आत गेलं आणि रबरं बाहेरच राहिली, रिमऐवजी टायरपाशी. हे माझ्या वर्तुळांत आलंच नव्हतं! ड्रॉइंग ऑफिसात बसणारी मी, कपाळ माझं. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, सळ्यांना जोड दिला आणि रबरं रिमपर्यंत आणली. चाक हाताने फिरवलं, पट्टी दाबली, चाक थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. मी गॅलरीत एकटीच नाचले.

तेवढ्यात बारा वाजले. आईने माझ्या हातातला पाना काढून घेतला, पुसला, कुंकू लावलं आणि पाटावर ठेवला. मी सायकल सरळ उभी केली. सहज म्हणून ब्रेकची पट्टी दाबत ती पुढे ढकलली, तर ती थांबलीच नाही. सायकल उलटी असताना त्या सळ्या आपल्याच वजनाने रिमकडे झुकल्या होत्या, आणि मी समजत होते की माझ्या जोडामुळे लागताहेत. सरळ उभी केल्यावर त्या विरुद्ध बाजूला ओघळल्या. पट्टी मुठीला टेकेपर्यंत दाबली तरी रबर रिमपासून बोटभर लांबच.

"आई, दोन मिनिटं पाना दे."

"आता उद्या."

"अगं, ब्रेक..."

"कुंकू लागलं त्याला. उद्या बाबा उचलतील, मग काय तो धिंगाणा घाल." आणि तिने पाटावर झेंडूचा ढीग ओतला. सायकलला तिने स्वतः हार घातला, हॅंडलपासून पुढच्या चाकापर्यंत लोंबणारा. माझे जोड, पट्ट्या, बोटभर राहिलेलं अंतर, सगळं फुलांखाली गेलं. मी म्हटलं, उद्या सकाळी बघू.

बाबा आले. दारातच थांबले. त्यांनी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एका दमात सगळं सांगितलं, चाक लहान केलं की चढ हलका होतो, डोंगरावर आता अशाच सायकली चालतात. गुडघ्याचं नाव काढलं नाही. ते चाकाशी वाकले, उजवा पाय ताठ ठेवून, आणि जाड टायरवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, ओरडतील. पंचवीस वर्षांची सायकल होती ती. पण त्यांच्या तोंडावर असं काहीतरी आलं की मला बघवेना. त्यांना कळलं होतं, मी कशासाठी केलं ते.

"चढात हलकी जाते?" त्यांनी विचारलं.

"एकदम."

"आणि ब्रेक?"

इथे मी थांबायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, 'लागत नाहीत.' पण त्यांच्या तोंडावरचं ते जे काही होतं ते मला एवढ्यात विझवायचं नव्हतं.

"लागतात. मी बघितलंय."

"तू बघितलंस ना? मग झाला," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या दिवशी मी शेजारणींच्या तीन खोल्यांतून आठ वेळा फिरून आले. आई म्हणाली, "बस गं मेले, डोकं गरगरतंय माझं तुझ्याकडे बघून."

दसऱ्याला मी लवकर उठले, पण बाबा माझ्या आधी अंघोळ करून तयार. पांढरा सदरा, खिशात आपट्याची पानं. दसऱ्याला खाली आग्रा रोडवर त्यांच्या जुन्या जोडीदाराला, त्या गेटवर बसवलेल्याला, पहिलं सोनं द्यायला जायचं हा त्यांचा नेम. पाटावरची हत्यारं संध्याकाळी उचलायची म्हणाले, पण सायकलला त्यांनी नमस्कार केला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ती बाहेर काढली. मी म्हटलं, "बाबा, आज चालत जा ना."

"का गो? आज तर मजा हाय. येताना बघ, नळावर न थांबता येतो की नाय."

न थांबता. असं ते म्हणाले. रोजच्या थांबण्याबद्दल आमच्यात तोवर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. खरं सांगितलं तर काल मी खोटं बोलले हे कळेल, ही एक भीती. आणि दुसरं म्हणजे, लाज वाटते पण सांगते, मला त्यांना तो चढ चढताना बघायचंच होतं. उतारावर पाय टेकवत जातील, त्यांना काय शिकवायचं, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते निघाले आणि ती समजूत दोन पायऱ्याही टिकली नाही. चाळीमागच्या पायऱ्यांनी मी धावत सुटले, रस्त्याने ते यायच्या आधी वळणावर पोचायला. त्यांना अडवणार होते की बघणार होते, देव जाणे.

नळावर सणाची गर्दी होती. मी पोचले आणि वरून सायकल येताना दिसली. लहान चाकं प्रत्येक खड्ड्यात आपटत होती, हॅंडल हातात थरथरत होतं, हाराची फुलं उडत होती. बाबांनी दोन्ही पट्ट्या मुठीला आवळून धरल्या होत्या. सायकल थांबत नव्हती. मी ओरडले, "बाबा, उतरा! उडी मारा!" ते उतरले नाहीत. वळण आलं, त्यांनी सायकल आतल्या अंगाला कलती केली. मोठ्या चाकांवर त्यांनी हे वळण हजारो वेळा असंच घेतलं असेल. पण चाकं लहान झाली तशी सगळी सायकलच खाली बसली होती, पायडलसकट. आतलं पायडल जमिनीला खर्रकन घासलं, मागचं चाक उचललं गेलं आणि बाबा नळापुढच्या चिखलात, वीस जणांच्या पायांपाशी पडले.

हंडे खाली ठेवले गेले. सगळे धावले. "काय झालं? काय झालं?" मी पोचले तेव्हा दोघांनी त्यांना बसवलं होतं. पांढरा सदरा चिखलाने भरला होता, डावं मनगट भराभर सुजत होतं. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चाकं कोणी बदलली ही? हिनेच ना?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

बाबांनी वर बघितलं. तोंड वेदनेने पांढरं झालं होतं, पण आवाज रोजचाच.

"तिचा काय नाय. चेन पडली," ते म्हणाले. "ढिली झालीय मेली."

"होय होय, रोजच पडते यांची," कोणीतरी म्हणालं.

आडव्या पडलेल्या सायकलपाशी मी एकटीच उभी होते. चेन पडली नव्हती. दातांवर नीट बसलेली होती, कोणीही बघितलं असतं तर दिसली असती. आणि तो सायकलवाला खोपटातून उठून, हात पुसत, बघायलाच येत होता. मी पाठ करून खाली बसले. चेनखाली बोट घातलं, पायडल उलटं फिरवलं आणि चेन पाडली. मी घाईत ढिली ठेवली होती म्हणून पडली पटकन.

सायकलवाला वाकला. चेन बघितली. माझे ते जोड आणि पट्ट्या बघितल्या, रबर आणि रिममधलं अंतर बघितलं, मग माझी बोटं. जुना माणूस, त्याच्यापासून काय लपणार!

"हां, चेनच पडलीय," तो मोठ्याने म्हणाला. मग चेन चढवता चढवता माझ्याशी हळूच बोलला, "चढासाठी चाक नाय बदलायचं, ताई. मोठं चाकच बरं या रस्त्याला. मागच्या चाकाची चकती, ते फ्रीव्हील, जरा मोठं टाकायचं, जास्त दातांचं. झाला चढ हलका."

"एवढंच?"

"एवढंच. मला विचारायचं होतंस."

दवाखाने सणाचे बंद होते. डॉक्टरला गाठायला खाली जायच्या आधी आईला सांगायला हवं होतं, म्हणून आम्ही वर निघालो. बाबा डावा हात उजव्यात धरून, मी सायकल ढकलत. ते चालताना लंगडत होते आणि आज ते लपवायची गरज नव्हती, आत्ताच पडले होते ना. नळ मागे पडला, आवाज कमी झाले आणि माझा बांध फुटला.

"बाबा, ब्रेक लागत नव्हते. मला काल दुपारीच माहीत होतं. मी खोटं बोलले."

ते चालत राहिले. म्हणाले, "पहिल्याच उताराला कळला माका."

"मग उतरला का नाहीत? मी ओरडत होते, उडी मारा म्हणून! एवढी वर्षं चालवताय, उडी नाही मारता आली?"

बापावर ओरडत होते मी, चूक माझी असून. ते थांबले. पुढे बघून बोलले, माझ्याकडे नाही.

"गुडघो गेलो गो माझो. उडी खंयची मारतंय? माझी चेन कधी पडलीच नाय."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं, हॅंडलवरच्या त्या अर्ध्या तुटलेल्या हारावर. त्यांनी मला रडू दिलं. मग धडक्या हाताने माझा हात हॅंडलवरून उचलला, उलटा केला आणि काळी झालेली बोटं बघितली. ती त्यांनी नळावरच बघितली असणार, चिखलात बसल्या बसल्या.

"घासून धू," ते म्हणाले. "नाय, नको. राहू दे तशीच. आईक दाखव."

आई दारातच उभी होती. त्यांचा सदरा, मनगट, सायकल बघून ती किंचाळली, "अगो बाय माझ्या! काय झालं?"

मी दोन्ही हात पुढे केले. "चेन पडली," मी म्हटलं, आणि बाबांनी मान डोलावली.